सहश्वास सहायक, श्रेणी तीन

मंगल ढोबळे इचलकरंजीत, एका परक्या माणसाच्या हॉलमध्ये, कंपनीच्या चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या वारल्या.

असो. असं काही झालेलं नाही. कंपनीच्या दफ्तरी त्या दिवशीची त्यांची हजेरी पूर्ण भरलेली आहे, आणि पूर्ण हजेरी भरलेला माणूस मेलेला कसा असेल? तेव्हा वरचं वाक्य आपण वाचलंच नाही असं धरू आणि सुरुवातीपासून सुरू करू. सुरुवातीला तर मंगलताई कराडमध्ये स्वतःच्या घरी होत्या, तब्येतीने ठणठणीत होत्या, आणि खाली फरशीवर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या.

त्यांचा मुलगा विनीत ‘निर्धोक’ नावाच्या कंपनीत विम्याचे दावे तपासायचा. निर्धोकला ऑफिस नव्हतं. पूर्वी पुण्यात होतं, चांगलं सात मजली. ते विकून कंपनीने सगळ्यांना कायमचं घरी पाठवलं, कामासकट. सोबत एक पुस्तिका दिली. तिच्या पहिल्या पानावर कर्मचाऱ्यांचे फायदे होते: प्रवास वाचतो, घरचं गरम जेवण मिळतं, आईवडिलांजवळ राहता येतं. कंपनीचे फायदे शेवटच्या पानावर होते. ते पान कर्मचाऱ्यांच्या प्रतीत नव्हतं.

त्या पुस्तिकेबरोबर पाल आली.

साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, कोपऱ्यात छताखाली चिकटवायची. कंपनीने तिला लांबलचक नाव दिलं होतं, पण ती भिंतीला धरून असायची, हलायची नाही आणि माणसाचं लक्ष उडालं की चुकचुकायची, म्हणून लोक तिला पालच म्हणत. पहिले काही दिवस ती चुकचुकली की मंगलताई जमिनीवर बोटं आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायच्या. मग देवाला एवढा त्रास द्यायचा नाही म्हणून त्यांनीच ते सोडून दिलं.

पालीचं काम तसं सोपं होतं. ती अगदी क्षीण रेडिओलहरी सोडायची. त्या माणसाच्या छातीवर आपटून परत यायच्या. श्वास घेतला की छाती थोडी पुढे येते, हृदयाच्या ठोक्याने त्याहून कितीतरी सूक्ष्म थरथरते, आणि परत येणाऱ्या लहरींत तेवढाच फरक पडतो. तो फरक मोजला की माणूस कसा श्वास घेतोय ते कळतं. काम मन लावून चाललं असेल तर श्वास संथ आणि एकसारखा. कंटाळा आला की उसासे. चोरून मोबाइल पाहिला की श्वास मध्येच अडकतो. यावरून पाल रोजचा लक्षांक काढायची आणि लक्षांकावरून पगार, बढती, पुढचं सगळं ठरायचं. कॅमेरा नाही, माइक नाही, म्हणून खासगीपणाचा भंग नाही, असं पुस्तिकेत म्हटलं होतं. खरंच होतं ते. कंपनी घरात डोकावत नव्हती. फक्त काळजात.

विनीतचा लक्षांक उत्तम असायचा. का, ते त्याला माहीत नव्हतं. आपण हुशार आहोत असा त्याचा समज होता, आणि तो समज त्याच्या वयाला शोभून दिसायचा.

मग नियम आला. दावे गोपनीय असतात, लोकांचे आजार त्यात असतात. सबब कामाच्या वेळेत कामाची खोली ही कंपनीची जागा समजावी आणि तिथे अनधिकृत व्यक्तीला बसवू नये. पाल आता खोलीतले श्वास मोजायला लागली. दुसरा सापडला की चुकचुक.

“आई, तू जरा आत बस ना.”

“आत म्हणजे कुठं? स्वयंपाकघरात पंखा नाही.”

“मग शेजारी जा.”

“शेजारचीपण घरून काम करती. तिनं तिच्या सासूला गच्चीवर बसवलंय.” मंगलताईंनी सूप उचललं. “मी जिन्यात बसते. तिथं वारा येतो. येणारंजाणारं दोन शब्द बोलतं तरी.”

शेवटचं वाक्य टोमणा होता. विनीतने ते ऐकलं नाही, कारण त्याने कानात हेडफोन घातले होते.

आणि आठवड्याभरात त्याचा लक्षांक कोसळला. पाल दिवसभर चुकचुकायची. त्याने योगासनं केली, कॉफी सोडली, परत धरली. शेवटी मनुष्यबळ विभागाच्या काळदाते मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज बँकेच्या लॉकरसारखा होता: थंड, आणि आत काय आहे ते कळू न देणारा.

“विनीत, घरात काही बदल झालाय का?”

“आईला जिन्यात बसवलं, मॅडम. तुमच्याच नियमाप्रमाणे.”

पलीकडे कीबोर्डवर काहीतरी टाइप झालं.

“थांबा हं,” त्या म्हणाल्या. “आमचे संशोधक तुमच्याशी बोलतील.”

संशोधकांनी जे सांगितलं ते असं. दोन माणसं बराच वेळ एका खोलीत शांत बसली की त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. तान्हं मूल आईच्या कुशीत तसंच निवतं, भजनी मंडळातले लोक तसेच एका दमात गातात. श्वास सोडताना हृदय जरा मंदावतं. श्वास लांब तर हृदय निवांत, हृदय निवांत तर डोकं जागेवर. इथवर जुनंच. नवीन शोध पालीने लावला होता. लाखो घरांतले श्वास मोजल्यावर असं दिसलं, की बहुतेक माणसं दुसऱ्याची लय उचलतात, पण काही थोडी माणसं उचलत नाहीत, देतात. त्यांच्या शेजारी कोणीही बसो, त्याचा श्वास त्यांच्या मागोमाग चालायला लागतो. अशी माणसं शांत असतात असं नाही, हुशार असतात असंही नाही. ती फक्त स्थिर असतात.

मंगलताईंनी सगळी नोकरी अंगणवाडीत काढली होती. दुपारी खिचडी झाली की त्या सतरंजीवर मधोमध बसायच्या आणि खोलीभर पोरं पाच मिनिटांत झोपायची. सुपरवायझर बाईंना वाटायचं खिचडीत काहीतरी आहे. एकदा नमुना तपासायलाही नेला होता.

“म्हणजे माझा लक्षांक माझा नव्हताच?” विनीतने विचारलं.

“तसं आम्ही म्हणणार नाही,” काळदाते मॅडम म्हणाल्या. “पण अनधिकृत व्यक्तीला खोलीत बसवता येत नाही, हा आता प्रश्न आहे.”

“मग तिलाच कामावर घ्या.”

हा विनोद होता. पण कंपनीशी विनोद करू नये. कंपनीत विनोदाचा वेगळा विभाग नसतो, त्यामुळे तो थेट मनुष्यबळाकडे जातो. चार दिवसांत मंगलताईंचं नेमणूकपत्र आलं. पद: सहश्वास सहायक, श्रेणी तीन. शिफारस: विनीत ढोबळे. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि चाकाची एक खुर्ची.

“मी करायचं काय?” मंगलताईंनी विचारलं.

“काही नाही. बसायचं.”

“आणि पगार?”

“बसण्याचाच.”

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “तुझे बाबा जन्मभर फुकट बसले रे.”

त्या हसल्या, विनीत हसला, आणि पाल चुकचुकली.

ते दिवस बरे गेले. तो स्क्रीनकडे तोंड करून बसायचा, त्या त्याच्या पाठीकडे. शेंगा, मेथी, लसूण, काय असेल ते निवडायच्या. बोलायचं नाही. बोललं की लक्षांक पडायचा. एकदा त्यांनी त्याला सांगायला तोंड उघडलं होतं, की गुडघा सुजलाय. त्याने न वळताच हात वर केला, थांब अशा अर्थी. त्या थांबल्या. संध्याकाळी त्याला विचारायचं राहून गेलं आणि त्यांनाही सांगायचं राहून गेलं.

नोकरी म्हटली की बदली आलीच. ज्या कंपनीला ऑफिस नाही तिथे बदली कुठून कुठे करणार, असा प्रश्न साध्या माणसाला पडेल. कंपनीला पडला नाही. बदली घरातून घरात करायची.

“इचलकरंजीत आपला एक फार महत्त्वाचा माणूस आहे, सर्वेश,” काळदाते मॅडम म्हणाल्या. “घटस्फोट झालाय. एकटाच असतो. श्वास बघवत नाही हो त्याचा. तुमच्या आई तिथे महिनाभर बसल्या तर फार बरं होईल.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“श्रेणी तीनची संमती लागत नाही. शिफारस करणाऱ्याची लागते. म्हणजे तुमची.” मग, जणू आत्ताच आठवल्यासारखं, “बाय द वे, विनीत, विभागप्रमुखाच्या जागेसाठी तुमचं नाव वर गेलंय.”

इथे विनीतला नाही म्हणता आलं असतं. कोणी बंदूक धरली नव्हती. मॅडमनी तर “विचार करून सांगा” असंही म्हटलं. त्याने विचार केला. विचार करताना पाल चुकचुकली नाही, म्हणजे तो अगदी मन लावून केला असणार. मग त्याने स्क्रीनवर अंगठा टेकवला.

“कंपनीचा हुकूम आहे, आई,” जेवताना तो म्हणाला. “माझ्या हातात काही नाही. एकच महिना.”

मंगलताईंनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

“त्या पोराला तिखट चालतं का विचारून घे,” त्या म्हणाल्या.

सर्वेशला तिखट चालायचं. मंगलताई पोचल्या आणि आठवड्याभरात त्याचा लक्षांक असा काही वर गेला, की कंपनीने त्याच्याकडे दुप्पट काम दिलं. महिना संपला. मग कळलं की सर्वेशच्या गल्लीत कंपनीची आणखी माणसं आहेत. मंगलताई सकाळी एका घरी, संध्याकाळी दुसऱ्या, उरलेला वेळ सर्वेशकडे बसायला लागल्या. खुर्चीला चाकं होतीच. गल्लीतले लोक सांगायचे, म्हातारी पुढे आणि मागे खुर्ची ढकलत कंपनीचा माणूस, अशी वरात रोज निघायची.

इकडे कराडला विनीत विभागप्रमुख झाला, पण रिकाम्या खोलीत त्याची पाल पुन्हा चुकचुकायला लागली. विभागप्रमुखाचा लक्षांक घसरून कसं चालेल? कंपनीने त्याला बदली सहायक पाठवला. परभणीचे दत्तूनाना शिंगारे. एकेकाळचे पैलवान, आता गुडघ्यांनी दगा दिलेले. त्यांच्या नातवाने त्यांची शिफारस केली होती आणि तोही कुठेतरी विभागप्रमुख झाला होता.

नाना आले, बसले, आणि दोन दिवस विनीतच्या पाठीकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आमचा नातूबी असाच पाठमोरा बसतो. मला वाटलं, त्याचं तोंडच तिकडं हाय.”

“नाना, कामाच्या वेळेत बोलायचं नसतं.”

“बरं,” नाना म्हणाले. मग थोड्या वेळाने, “त्यालाबी हेच म्हणायची सवय.”

त्या दुपारी विनीतने पहिल्यांदा पालीची कच्ची नोंद उघडून पाहिली. विभागप्रमुखाला ती दिसायची. प्रत्येक खोलीच्या नोंदीत दोन रेषा होत्या. एक कर्मचाऱ्याची, निळी. तिच्यावरूनच अहवाल बनायचा. दुसरी करडी, सहायकाची. ती पालीने मोजलेली असायची, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. त्याने आईची करडी रेषा काढली. कराडला ती नदीच्या संथ पाण्यासारखी होती. इचलकरंजीत गेल्यावर पहिले काही दिवस तशीच. मग तिला दाते फुटले. आखूड, घाईचे, मध्येच अडकणारे श्वास. सर्वेशचे जुने श्वास होते ते. सकाळच्या घरातल्या बाईचे उसासेही त्यात होते.

ओलं फडकं कोरड्यावर ठेवलं की कोरडं ओलं होतं, एवढं कंपनीने मोजलं होतं. ओलं सुकतं, ते मोजायचं राहिलं होतं. स्थिर माणूस लय देतो हे खरं, पण घरी तो ती कुठून तरी परतही घेत असतो: ओळखीच्या पाठीकडून, जिन्यातल्या दोन शब्दांतून. परक्या घरांत घ्यायला काही नव्हतं. नुसतं देणं होतं.

त्याने मॅडमना फोन केला.

“करडी रेषा अहवालात येत नाही, विनीत,” त्या म्हणाल्या. “त्यामुळे तिच्याबद्दल काही म्हणता येणार नाही.”

“पण ती माझी आई आहे.”

“हो, तशी नोंद आहे ना आपल्याकडे. नात्याच्या रकान्यात.”

रविवारी तो इचलकरंजीला गेला. सर्वेशने दार उघडलं. पोरगा चांगला होता. चहा टाकला, बिस्किटांचा पुडा फोडला. “दादा, मावशी हायत म्हणून मी हाय,” तो म्हणाला. “न्हाईतर माझं काय खरं नव्हतं बघा.” हे त्याने इतक्या मनापासून म्हटलं, की विनीतला त्याचा रागही धड करता येईना.

मंगलताई त्या खुर्चीतच बसल्या होत्या, सुट्टीच्या दिवशीही. वाळल्या होत्या. बोलताना वाक्याच्या मध्ये त्यांना थांबावं लागत होतं. सर्वेश बिस्किटं आणखी आणायला आत गेला.

“आई, चल घरी. आत्ता चल.”

“आणि तुझी जागा?”

“जागेचं काय... माझ्या हातात नव्हतं तेव्हा, पण आता...”

“तुझ्याच हातात होतं रे.” त्या शांतपणे म्हणाल्या. “खोटं बोलताना तू श्वास धरतोस. दुसरीत असल्यापासून. पाटी फोडलीस तेव्हापण धरला होतास. त्या भिंतीवरच्या डबीला काय कळायचंय ते मला आधीच कळतं.”

विनीतने चहाचा कप खाली ठेवला. श्वास मात्र धरलेला होता.

“मग आलीस कशाला?” त्याने शेवटी विचारलं.

“तू खोटं बोलतोयस म्हणजे तुला ती जागा किती हवी असेल, म्हटलं.” त्या जरा थांबल्या, दम गोळा केला. “आणि खरं सांगू? हा पोरगा माझ्याकडे तोंड करून बसतो. स्क्रीन त्यानं फिरवून घेतलीय.”

तेव्हा विनीतने त्यांना उचलून रिक्षात घालायला हवं होतं. खाली रिक्षा उभी होती. पण तिमाही संपायला थोडेच दिवस होते. सहायक मध्येच काढून नेला तर तो बसतो त्या घरांचे आणि शिफारस करणाऱ्याचेही लक्षांक रद्द होतात असा नियम होता, आणि तो नियम विभागप्रमुख म्हणून आता त्यानेच सगळ्यांना पाठवलेला होता.

“तिमाही संपली की लगेच नेतो,” तो म्हणाला. हे मात्र खरं होतं. म्हणताना त्याचा श्वास अगदी सरळ चालला होता.

“बरं,” मंगलताई म्हणाल्या.

तिमाही संपायच्या आधीच, एका दुपारी, सर्वेशचा फोन आला. “दादा, मावशी उठंनात. मला वाटलं डोळा लागलाय. मी हाक न्हाई मारली, झोपमोड नको म्हणून. कामबी लई भारी चाललं होतं हो आज...” आणि मग तो लहान पोरासारखा रडायला लागला. विनीतच्या मागे बसलेल्या नानांनी विचारलं, “काय झालं?” विनीतने फोन तसाच त्यांच्याकडे धरला. नाना खुर्चीतून उठले, गुडघे धरत त्याच्याजवळ आले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. पाल चुकचुकत राहिली.

चौथ्या दिवशी काळदाते मॅडमचा फोन आला. त्यांनी दुःख व्यक्त केलं. ते करताना कुठूनतरी वाचून दाखवल्यासारखं वाटत होतं, पण ते चालायचंच.

“मॅडम, त्या दुपारी पालीला कळलं नाही? एक श्वास कमी झालाय हे?”

“मी बघितलं ना. ‘परिसर अत्यंत शांत’ अशी नोंद आहे.” कागद चाळल्याचा आवाज. “सर्वेशचा लक्षांक त्या दुपारी या वर्षातला सर्वांत जास्त होता. तुम्हाला जाणून बरं वाटेल म्हणून सांगते.”

पलीकडे पुढचा कागद उलटला.

“आणखी एक. सेवेत असताना निधन झालं तर आम्ही तशी नोंद करतो, पण त्यासाठी हजेरीत खंड लागतो. हजेरी खुर्चीवरून धरतात आणि खुर्ची तिथेच आहे, त्यामुळे त्यांची हजेरी सलग आहे. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या त्या अजून कामावर आहेत. इचलकरंजीतच. काही अडचण असेल तर रीतसर अर्ज करा.”

विनीतने फोन ठेवला. नाना स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होते. तो स्क्रीनसमोर बसला आणि त्याने रीतसर अर्ज केला:

‘प्रति, मा. मनुष्यबळ प्रमुख, निर्धोक.

विषय: घरून काम करण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या आस्थापनेतील सहश्वास सहायक (श्रेणी तीन) कै. श्रीमती मंगल ढोबळे या दीर्घकाळ परगावी, परक्या घरी राहून सेवा बजावीत आहेत. घरून काम करण्याची सवलत कंपनीच्या सर्व कर्मचाऱ्यांस लागू असताना सदर कर्मचारी एकट्याच तिच्यापासून वंचित आहेत. त्यांच्या बदलीस खाली सही करणाराने दिलेली संमती याद्वारे मागे घेण्यात येत आहे. कराड येथील जागा उपलब्ध असून तेथील कर्मचारी यापुढे त्यांच्याकडे तोंड करून बसेल. सदर कर्मचाऱ्याकडून कोणतेही काम अपेक्षित नाही. कामाच्या वेळेत त्या बोलल्यास त्याची नोंद प्रतिकूल धरू नये.

तरी कै. श्रीमती ढोबळे यांना उद्या सकाळपासून स्वतःच्या घरून काम करण्याची परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती.’